माग आहे का, हे विचारायचे राहिले

कापसाच्या गाड्या आमच्या दारावरून जात होत्या आणि आमच्या घरात वात वळायलाही कापूस नव्हता. वऱ्हाडातल्या त्या सुगीच्या वर्षांविषयी लोक अजून तोंड भरून बोलतात. कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कुणी गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली, असे सांगतात. चाक मी पाहिले नाही. शेंब्या पाहिल्या. पण आम्ही कुणबी नव्हतो. आम्ही अमरावतीचे कोष्टी, सुती लुगडी विणणारे. माझ्यासारखीने त्या दिवसांबद्दल काय सांगावे, असे कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी मागाचे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. लुगडे विणून झाले की ते मागावरून कापून काढायचे, पण फणीच्या, म्हणजे उभे दोरे ज्या दातांतून जातात त्या चौकटीच्या, मागे वीतभर दोरे तसेच राहू द्यायचे. पुढचा ताणा, म्हणजे नव्या लुगड्याचे उभे दोरे, आला की त्याचा एकेक दोरा या जुन्या टोकांना पीळ देऊन जोडायचा. बोटांना चुलीतली राख लावायची, दोन टोके चिमटीत धरायची, वळायची, सोडायची. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. याला आम्ही सांधणी म्हणत असू. टोके कापली तर सगळे दोरे पुन्हा फणीत भरत बसावे लागतात, म्हणून आळशातला आळशी कोष्टीही माग रिकामा करत नाही. बाबा म्हणत, आपल्या मागावरचा दोरा माझ्या आज्याच्या दोऱ्याला लागलेला आहे. तो तसा होताच.

माझी थोरली बहीण सांधणीला बसली की बाबा उठून ओसरीवर जात. लक्ष ठेवायची गरज नसे. तिची बोटे लांब नव्हती, गोरी नव्हती, पण दोऱ्याला ती बोटे लागलेली कळत नसत. माझ्या हातचे सांधे फणीपर्यंतही टिकत नसत, म्हणून माझ्याकडे धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायचे काम. माय कातायची, थोरली सांधायची, बाबा विणायचे. माणसे एवढीच.

आमच्यात एक रीत होती. नवी सून घरी आली की पहिल्याच दिवशी तिने आपल्या लग्नाच्या लुगड्याच्या दशांतून, म्हणजे पदराच्या मोकळ्या टोकांतून, एक दोरा ओढायचा आणि सासरच्या मागावरच्या टोकाला सांधायचा. तो दोरा तिच्या आईने कातलेला असला पाहिजे. त्याला मायसूत म्हणत. तो दोरा लागला की ती सून मागाची झाली, कामात तिचा शब्द चालायचा. दोरा लागला नाही तर ती नुसती भाकऱ्या थापणारी. थोरलीला भाकऱ्या थापायच्या नव्हत्या. तिला माग हवा होता. लग्न कोणाशी होते याच्याशी तिला फारसे देणेघेणे नव्हते.

अकोल्याचे स्थळ आले तेव्हा बाबा जाऊन पाहून आले. घरी येऊन त्यांनी पागोटे खुंटीला टांगले आणि मायला म्हणाले, "पोरगा काळा हाय. पण ताणा पाहा त्याचा! तंबोऱ्यासारखा वाजते."

माय म्हणाली, "तंबोऱ्याशी लगन लावून राहिले का?"

"पोरीले इचार, तिले काय पाहिजे थे."

थोरली दाराआड होती. तिने मला हळूच पाठवले, फणी केवढ्या बारकाईची आहे ते विचारायला. बाबांनी सांगितले, मी तिला जाऊन सांगितले, आणि ती हसली. दुसऱ्या मुली नवऱ्याचे नाक विचारतात. स्थळ ठरले. लग्न पुढच्या वर्षी करू म्हणाले.

पुढच्याच वर्षी कापूस गेला. अमेरिकेत लढाई लागली आहे असे कोणी म्हणे. ती कुठे आहे हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते. एवढे कळले की साहेबाला कापूस हवा आहे, मिळेल त्या भावाने हवा आहे. पूर्वी कुणबिणी कापूस घेऊन आमच्या दारी येत, त्याच्या बदल्यात लुगडे नेत. त्या यायच्या बंद झाल्या. अंगणात वाळत घातलेला कापूसही व्यापाऱ्याची माणसे जोखून नेऊ लागली. मायचा सूत कातायचा रहाट कोपऱ्यात गेला. लग्न एकदा पुढे ढकलले, मग आणखी एकदा.

शहराबाहेरच्या एका गावच्या पाटलाच्या घरी आमचे पिढ्यांचे जाणे होते. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभात वाहून सीतामाईला सांगतात की कापूस या दह्यासारखा पांढरा फुटू दे. त्या दिवशीचा ओटीभर कापूस पाटलीणबाई मायच्या ओटीत घालायच्या. त्यातून त्यांचे वर्षाचे लुगडे व्हायचे आणि उरेल तो आमचा. माय मला घेऊन त्या वर्षीही गेली.

पाटलीणबाई पलंगावर बसल्या होत्या. पूर्वी जोत्यावर बसत.

"काहून आली व कोष्टीन?"

"सीतादहीचा कापूस न्यायले आली, बाई. थोरलीचं लगन हाय."

"लगन हाय तं बजारात जाय. विलायती पातळ भेटते. हे पाह्य, हातात घे. जड लागते का?"

मायने तो पदर दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "जड कायले लागीन, बाई? हाय काय त्यात?"

पाटलीणबाईंना राग आला नाही. उलट त्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ओटीभर मांगून राहिली तू. बोरे भरले का मालक तोंड शिवून घेते. माह्याच वावरातला कापूस माह्या हाती रायला नाई, तं तुह्या ओटीत कोठून टाकू?"

त्यांनी सूपभर ज्वारी दिली. मायने घेतली. नको म्हणून मान राखावा असे आमचे दिवस नव्हते.

परत येताना गाडीवाटेवर मायने पाहिले की बाभळी पांढऱ्या झाल्या आहेत. गाड्या इतक्या चोंदून भरत की दोन्ही अंगांनी कापूस बाहेर यायचा, आणि वाट अरुंद, बाभळी वाकलेल्या. काटे ओरबाडून कापूस ठेवून घ्यायचे. माय उभी राहिली. मग तिने पदर खोचला.

त्या हंगामात आम्ही तिघी रोज त्या वाटेवर होतो. आमच्यासारख्या आणखी बायका होत्या. बाभळी आपसांत वाटून घेतल्या होत्या आणि त्यावरून भांडणेही होत. हातांना काटे लागत. थोरलीला माय काट्याला हात लावू देत नसे. तिने खाली पडलेला वेचायचा, बोटे सांभाळायची. वरचा मी आणि माय. गाडीवान ओरडत जायचे, "ओ मावशी, बाभळीची वेचणी चालू हाय का? निंदण केलं होतं का तिचं?"

माय मान वर न करता म्हणायची, "तू गाडी हाक बाप्पा, नाई तं तुह्या मिशाई वेचीन."

तो कापूस कसा असेल! धूळ, साल, पाखरांची घाण. पिंजाऱ्याने हातात घेऊन खाली टाकला आणि पुन्हा उचलला, कारण माय समोर उभी होती. त्याचे सूत निघाले ते मातकट, कुठे जाड, कुठे बारीक. मायच्या हातचे इतके वाईट सूत मी आधी पाहिले नव्हते. आणि एवढे करून ते लग्नाच्या लुगड्याच्या पदरापुरतेच झाले.

बाकीच्याला बाबांनी विलायती सूत आणले. आपलाच कापूस समुद्रावरून जाऊन तिकडे कातून आलेला. मायने ते पुडके उंबऱ्याबाहेर ठेवले. बाबांनी आत आणले. तिने पुन्हा बाहेर ठेवले.

"सांधणीले पदराचाच दोरा लागते ना?" बाबा म्हणाले. "पदर तुहा. बाकी सायबाचं राहू दे."

 मायने दुसरीच गोष्ट काढली. "एकडाव अकोल्याले जाऊन पाहा. इथं गल्लीतले अर्धे माग नुसते उभे हायेत. त्याइचा चालू हाय का नाई, विचारून या."

बाबा असे भडकले की मी चुलीपाशी सरकले. "कोष्ट्याले विचारू, माग हाय का म्हणून? उद्या थो मले विचारीन, बायको जिती हाय का म्हणून!"

"विचारीन तं सांगजा, हाय म्हणून."

"खानदानी लोकं हायेत थे. इज्जत काढू त्याइची?"

ते गेले नाहीत. निरोपही पाठवला नाही. कोष्ट्याने कोष्ट्याला हा प्रश्न करू नये, अशी आमच्याकडे समज होती. बाहेरच्याला हे मूर्खपणाचे वाटेल. तो मूर्खपणाच होता.

त्याच सुमारास मला शाळेत घातले. सरकारने मुलींची शाळा काढली होती आणि घरात कांड्या भरायला सूत नव्हते. सूत असते तर मला अक्षर आले नसते, आणि हे कागद काळे झाले नसते. चार इयत्ता झाल्या. पुढच्या नाही.

बाबांनी लुगडे विणले आणि आल नावाच्या मुळीच्या लाल रंगात बुडवले. पदराच्या हातसुताने रंग पोटभर पिऊन घेतला, तो गडद लाल झाला. विलायती सुताच्या अंगाला रंग वरवर बसला, ते फिकट राहिले. लग्नात बायकांना बोलायला तेवढे पुरे झाले. एकीने पदर उचलून पाहिला आणि म्हणाली, "माय व, पदर एका घरचा अन् आंग दुसऱ्या घरचं! हे लुगडं हाय का दुसरेपणाची बायको?" सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही, रागावलीही नाही. ती दशा मोजल्यासारख्या बोटांनी चाचपत होती. कोणता दोरा ओढायचा हे ती बघत होती.

वरात आली ती डौलाने आली. नवऱ्या मुलाला अंगरखा नवा, विहीणबाईंना विलायती पातळ. माय कन्यादानाला बसली होती, तिथून उठल्यावर बाबांना म्हणाली, "पोराच्या आंगाले खळीचा वास नाई येत."

ताण्याला ज्वारीची खळ लावतात. तिचा आंबूस वास कोष्ट्याच्या अंगाला कायमचा लागतो. आम्हाला तो येत नसे, नसला की कळत असे.

बाबा म्हणाले, "लगनात आंघोळ करून आला असन."

मी पाठराखीण म्हणून थोरलीबरोबर अकोल्याला गेले. वाटेत ती गाडीत माझ्याशी फारसे बोलली नाही. चुलीतली राख तिने घरूनच चिंधीत बांधून घेतली होती. मी म्हटले, "बाई, राख तिकडं भेटत नाई का?" तर म्हणाली, "त्याइच्या चुलीची कशी असते काय मालूम."

घरात शिरलो. माप ओलांडले, देवाला नमस्कार झाला. थोरलीने डोक्यावरचा पदर पुढे घेतला, दशांतून दोरा ओढला, चिमटीत धरला आणि सासूला विचारले, "आत्याबाई, माग कोठी हाय?"

 घर एकाच खणाचे होते, लपवायला जागा नव्हती. जिथे विणणाऱ्याने पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा असतो, तिथे जमीन थोडी उंच, ताज्या शेणाने सारवलेली. तिच्यावर कापसाचे बोरे रचलेले. खड्डा बुजवला होता.

"माग मोडला व," सासू म्हणाली. "लाकडं गाडीवाल्यानं नेली. चांगली सागाची होती."

"अन् फणीतले दोरे?"

"त्याच्या वाती केल्या. दिवाईले लागल्या."

थोरली तशीच उभी राहिली, दोरा हातात. मला वाटले, ती ओरडेल. तिने तो दोरा बोटावर गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळत गेली, बोटाचे टोक निळे पडले तरी गुंडाळत होती. सासूने पाहिले आणि म्हणाली, "सोड थे. पीठ मळून ठेवलं हाय, भाकरी टाकून घे. माणसं वखारीतून येतीन."

माझा मेहुणा व्यापाऱ्याच्या वखारीत बोरे भरायच्या कामावर होता. बोऱ्यात उतरून पायांनी कापूस तुडवायचा, म्हणजे जास्त बसतो. आमच्या घरी कापसाला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. तो संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या पोटऱ्यांना कापूस चिकटलेला होता. माणूस वाईट नव्हता. पाय धुऊन आत आला आणि थोरलीकडे बघायचे त्याने टाळले. त्याला ठाऊक होते.

आम्हाला माहेरी न्यायला बाबा आले. दारातच थांबले, कारण दारातूनच दिसत होते. समोर थोरलीचा सासरा होता.

"इवाई, माग?"

"मोडला."

"कवा?"

"मांगच्या सुगीच्या आधी."

"तुमी सांगितलं नाई."

"तुमी विचारलं नाई."

"कोष्ट्याले कोण विचारते असं?"

"म्हणूनच तं," थोरलीचा सासरा म्हणाला. तो काही उर्मट माणूस नव्हता. पुढे म्हणाला, "सूत भेटत नव्हतं इवाई. मागाकडे पाहून पोट भरत नाई. आता दोन वखत खातो. तुमची पोरगीही खाईन. उपाशी ठेवली तं जाब विचारा."

 बाबांनी थोरलीकडे पाहिले. "बाई, कायमची चालतं का घरी?"

ती म्हणाली, "तिकडं तरी कोणतं सूत हाय, बाबा?"

चार दिवस माहेरी राहून ती परत गेली. माय बाबांशी कितीतरी दिवस कामापुरतेच बोलत होती. मी तर त्यांना कधीच माफ केले नाही. मारामारी करायची नव्हती, पैसा लागणार नव्हता, एक प्रश्न तोंडातून काढायचा होता. लोक म्हणतात, साहेबाने कोष्ट्याचे घर बुडवले. बुडवले, यात खोटे नाही. पण माझ्या बहिणीला त्या घरात साहेबाने दिले नाही. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी पहिला प्रश्न तोच केला, आणि माग नाही असे ऐकल्यावर हो म्हणाले. मला शिपायाच्या घरी दिले. मला काही फरक पडला नाही, मला माग कधी आवडलाच नव्हता.

पुढे तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव असा कोसळला की शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. वखारी ओस पडल्या. मेहुण्याचे काम कधी असे, कधी नसे. बाबांना वाटले, आता आपली वेळ आली. त्यांना मुलगा नव्हता, डोळे मंद झाले होते. त्यांनी अकोल्याला निरोप पाठवला की जावयाने इकडे येऊन माग चालवावा, थोरलीने सांधणी करावी, घर त्यांचेच. तोवर आगगाडी बडनेऱ्यापर्यंत आली होती. थोरली एकटीच आली, कडेवर मूल घेऊन. नवरा मागून येईल म्हणाली. मीही त्या वेळी माहेरीच होते.

बाबांनी नवा ताणा तयार ठेवला होता. विलायती सुताचा होता, दुसरे मिळतच नव्हते. सांधणी त्यांनी मुद्दाम तिच्यासाठी राखली होती. तिने मूल माझ्याकडे दिले, राख घेतली आणि बसली. बाबा सवयीने उठून ओसरीवर गेले.

मी समोर होते म्हणून मला आधी दिसले. इतकी वर्षे ती वेचणीला जात होती, चरकीवर सरकी काढत होती. कापसाच्या बोंडाची टोके सुकली की सुईसारखी होतात. नखांच्या कडा फाटून त्यात काळ्या चिरा पडल्या होत्या, बोटांची टोके खडबडीत झाली होती. ती दोरा धरायची, वळायची, आणि सोडताना दोरा चिरेत अडकून तटकन तुटायचा. दुसरा घेतला, तोही तुटला. तिने बोटे पदराला पुसली, पुन्हा राख लावली. काही सांधे बसले, पण तिच्या हातचे ते सांधे मलाही करता आले असते.

सांधणी झाल्याची हाक येईना, म्हणून बाबा आत आले. खाली तुटलेले दोरे पाहून म्हणाले, "राख लाव."

"लावली."

"आनखी लाव. हात उपरा झाला हाय, दोन दिवसांत येईन."

"बाबा, राखेनं चामडी बदलत नाई."

माय चुलीपासून म्हणाली, "तेल लावून देतो व मी. गरम तेलानं नरम पडते."

"कितीक दिवस लावशीन? वेचणी आली का पुन्हा तसेच." ती उठली. "त्याइले येऊ नका म्हणून सांगतो. तिकडं माह्या हाती रोजी पडते. इथं बसून मी काय करू, तुमचे दोरे तोडू?"

बाबा म्हणाले, "तू म्हणे ना, मले माग पाहिजे म्हणून."

"म्हणत होती," ती म्हणाली, आणि माझ्याकडून मूल घेतले.

कोणी तिला थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला बडनेऱ्याला पोचवायला गेले. वेचणीचे दिवस होते. डब्यात सगळ्या बायकाच, प्रत्येकीच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायच्या ओटीचे फडके बांधलेले. एकीने आपले गाठोडे मांडीवर घेतले आणि थोरलीला जागा करून दिली.